अर्ध्या पाळीचे तास

आमच्या गावच्या दाणा ओळ या बाजारातल्या एका छापखान्यात मी कागदाच्या घड्या घालायचे. छापलेले मोठाले ताव टेबलावर यायचे, त्यांना हाडाच्या पट्टीनं घडी मारायची, पानं क्रमानं जुळवायची आणि शिलाईला पुढे सरकवायची. आम्ही चौघी बायका हे काम करत होतो आणि चौघीही तासावर होतो. पुरुष मंडळी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे आणि मशीनवाले, महिन्याच्या पगारावर होती. आमचं तसं नव्हतं. टेबलाशी बसल्यापासून उठेपर्यंत जेवढे तास होतील तेवढेच आमचे.

मी तिथे गेले ती घरच्या गरजेनं. आमचे आबा संस्थानच्या फौजेत हवालदार होते. संस्थान विलीन झालं तेव्हा पलटणीही मोठ्या फौजेत मिसळल्या. तरुणांना तिकडे घेतलं आणि आबांसारख्या गुडघा दुखावलेल्यांना मानानं घरी बसवलं. पेन्शन होती, पण घर त्यावर पुरतं चालत नव्हतं. मी मॅट्रिकला खाजगी बसायची तयारी करत होते. आईच्या ओळखीच्या एक काकू माधवगंजात, आमच्याच गल्लीत राहायच्या. त्या या छापखान्यात होत्या. त्या म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर, अक्षर ओळखणारी पोरगी त्यांना हवीच आहे." तशी मी गेले.

पहिली काही वर्षं ठीक गेली. मग नव्या राज्याची बोलणी सुरू झाली. आमचं मध्यभारत जाणार, मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. छापखान्याचं निम्मं काम सरकारी कचेऱ्यांचं होतं: फॉर्म, पावत्या, रजिस्टरांची पानं. कुठलं खातं कुठल्या खात्यात मिसळणार, त्याचं नाव काय होणार, हे त्या खात्यांनाच धड माहीत नव्हतं. सकाळी एक मथळा मंजूर व्हायचा, दुपारी रद्द व्हायचा. मालकांनी रात्री "उद्या सातला या" असं सांगितलेलं असायचं, आम्ही सातला दारात उभ्या राहायचो, आणि मालक आतूनच म्हणायचे, "आज नाही. मजकूर बदलतोय. दुपारून बघा." दुपारी गेलं की, "संध्याकाळी या."

घरी परतायचं म्हणजे नुसतं पायी चालत यायचं एवढंच नसे. काकू दिवाळी-लग्नसराईत लोकांच्या घरी फराळ करायला जायच्या. छापखान्यात बोलावलंय म्हणून त्यांनी तिकडे नाही म्हटलेलं असायचं. झाशीची एक मुलगी होती, माझ्याहून थोडी मोठी, तिला आम्ही सगळ्या झाशीवालीच म्हणायचो. तिचं तान्हं मूल होतं. ते शेजारच्या अम्मांकडे ठेवून ती यायची, आणि अम्मांना त्याचं काही द्यावं लागायचं, काम झालं तरी आणि नाही झालं तरी. चौथी थाटीपुरहून यायची, तिचा नवरा कचेरीत चपराशी होता. मी सकाळी दोन मुलींची शिकवणी घ्यायचे. छापखान्याच्या वेळा रोज हलायला लागल्या तशी एकदा मी शिकवणीला गेले नाही, दोनदा गेले नाही, आणि मग त्या मुलींच्या आईनं दुसरी बाई बघितली. त्यांचं काही चुकलं नाही.

अशीच एकदा सकाळी आठलाच परत आले तेव्हा आबा ओट्यावर दाढी करत होते.

"आज लवकर?"

"काम नाही म्हणाले."

"मग तेवढ्या वेळाचं देतात ना?"

"काम नाही केलं तर कशाचं देतील, आबा?"

आबांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "आमच्याकडे बिगुल झाला, आम्ही पट्टे कसून उभे राहिलो, आणि कवायत रद्द झाली, तर तो दिवस कुणी कापला नाही कधी. बोलावलं आणि आलो, म्हणजे ड्यूटी झाली. पुढचं साहेबानं बघायचं."

दुसऱ्या दिवशी मी हे बाकीच्या तिघींना सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग तूच बोल मालकांशी. तुला बोलता येतं." मला बोलता येत नव्हतं, पण तिघी माझ्याकडे बघत होत्या.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबारातली पूजाअर्चा होती, त्यांच्या वडिलांनी हा छापखाना काढला होता. धोतराला शाईचे डाग लागलेले असायचे आणि जेवणाचा डबा अनेकदा तसाच घरी परत जायचा. मी त्यांना आबा म्हणाले ते सगळं सांगितलं. बोलावून परत पाठवता त्या वेळाचं थोडं तरी धरा, असं म्हटलं.

त्यांनी प्रुफावरून मान वर केली नाही. "फौजेला सरकार पोसतं, पोरी. मला कोण पोसतं? मजकूर बदलला की माझेही खिळे सोडून पुन्हा जुळवावे लागतात. त्याचं मला कोणी देत नाही."

"पण मालक, आम्ही सगळं सोडून येतो."

"जमत नसेल तर..." एवढंच म्हणाले आणि मशीनकडे निघून गेले.

ते अर्धं वाक्य माझ्या मागे लागलं. जमत नसेल तर येऊ नका, हेच त्यांना म्हणायचं होतं, दुसरं काय असणार. पुढे रोज कामावर जाताना वाटायचं, की आज दारातच सांगतील, तू उद्यापासून येऊ नकोस. घरी मी काही बोलले नाही. आई विचारायची, "जेवत का नाहीस नीट?" मी म्हणायचे, ऊन आहे.

त्या वर्षी दिवाळी आणि नवं राज्य एकदमच आलं. दिवाळीच्या आधी छापखान्यात मोठं काम होतं, नव्या राज्याच्या नावाच्या फॉर्मांचं. आम्हांला सकाळी लवकर बोलावलं होतं. गेलो तर नेहमीचंच. "मथळ्यात एक शब्द बदलणार आहेत. आज होणार नाही बहुतेक. जा." काकू वळल्या. झाशीवाली पळतच गेली, मूल उठायच्या आत पोचायचं म्हणून. थाटीपुरवाली सडकेवर वाहनाची वाट बघत उभी राहिली.

माझ्या चपलेचा पट्टा नेमका तेव्हाच तुटला. समोरच्या मोच्याकडे मी ती शिवायला दिली आणि त्याच्या फळीवर बसून राहिले. तो आधी दुसऱ्याचा बूट शिवत होता. चप्पल हातात येते ना येते तोच कचेरीचा माणूस सायकलवरून आला, आत गेला, आणि थोड्या वेळानं मालक बाहेर आले. त्यांची नजर सडकेवर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"गेल्या, मालक. तुम्हीच पाठवलंत."

"मंजुरी आली. उद्या दुपारी भोपाळचा ट्रक निघणार, त्यात माल घालायचाय. बोलाव सगळ्यांना."

"घरी भेटतील असं नाही."

"मग कुठे भेटतील?"

मी सांगायला लागले, पण ते मधेच म्हणाले, "तू चल. तुला ठिकाणं माहीत आहेत." आणि त्यांनी टांगा थांबवला. मी पुढे टांगेवाल्याच्या शेजारी बसले, मालक मागे.

काकू घरी नव्हत्या. त्यांच्या सुनेनं सांगितलं, दोन गल्ल्या पलीकडे चकल्या करायला गेल्यात. तिथे गेलो. त्या घरच्या वहिनींना मालक ओळखीचे निघाले. त्यांनी पदर सावरून बसा म्हटलं, पण काकूंना सोडायला तयार होईनात.

"अहो, आत्ताच आल्या त्या. मी कालपासून विचारत होते, तर छापखान्यात काम आहे म्हणाल्या. आज स्वतःहून आल्या, मी पीठ भिजवलं, तेल चढवलं. आता कशी सोडू?"

काकू सोऱ्या हातात धरूनच दारात आल्या. कपाळावर घाम होता. "मालक, हे पीठ संपलं की येते. अर्ध्यात टाकून यायची नाही मी. यांना शब्द दिलाय."

"मलाही दिला होता ना, काकू?"

"दिला होता. मी आले होते की दारात."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. आत वळून पुन्हा चुलीशी बसल्या. मालक टांग्यात येऊन बसले.

झाशीवालीची खोली छापखान्याच्या मागच्याच बोळात होती. टांगा आत जाईना, आम्ही चालत गेलो. ती मुलाला मांडीवर घेऊन नुकती दूध पाजायला बसली होती. मालकांना बघून घाबरून उठली. मी काम असल्याचं सांगितलं तशी ती म्हणाली, "येते ना मी. अम्मांना बघते." शेजारच्या अम्मा आवाज ऐकून स्वतःच बाहेर आल्या. चांगल्या वयस्क होत्या, डोक्यावरून ओढणी घेतलेली.

"आप ही हैं छापेखाने वाले?" त्यांनी मालकांना विचारलं. "भैया, ये सुबह अँधेरे में बच्चा दे गई, फिर ले गई. अब फिर देगी. मैं मंदिर भी नहीं जा पाती कि जाने कब आ जाए. पैसे देते इसे शरम आती है, लेते मुझे आती है."

मालकांनी खिशात हात घातला आणि काहीतरी काढून त्यांच्यापुढे धरलं. अम्मांनी हात मागे घेतला.

"मुझे क्यों? इसे दीजिए. काम तो ये आपका करती है."

झाशीवाली खाली बघत होती. मालकांनी पैसे तिच्या हातात दिले नाहीत, परतही खिशात ठेवले नाहीत. मुठीतच धरून ते बोळाबाहेर आले. झाशीवाली मूल अम्मांकडे देऊन पायीच छापखान्याकडे निघाली. टांग्यात बसल्यावर पैसे मुठीतच असल्याचं मालकांच्या ध्यानात आलं असावं, कारण मागे खिशात नाणी पडल्याचा आवाज मला आला.

मग थाटीपुर. मोरारच्या सडकेनं घोडा रमतगमत चालला होता. मला वाटत होतं, आता काहीतरी बोलतील, माझ्याबद्दलच बोलतील.

सरकारी क्वार्टरांत दिवाळीची सफेदी कुणीच केलेली नव्हती. बरीच बिऱ्हाडं भोपाळला निघाली होती. थाटीपुरवाली अंगणात सतरंजीची गाठ सोडत बसली होती.

"हे काय, निघालात की काय तुम्ही?" मालकांनी विचारलं.

"निघालो होतो, मालक. यांच्या बदलीचा हुकूम आला, बिस्तरा बांधला. मग म्हणाले, दिवाळीनंतर. सोडला. परवा म्हणाले, नाही, आधीच जा. पुन्हा बांधला. आज सकाळी तुमच्याकडून येते तर हे म्हणतात, पुढच्या महिन्यात. आता पांघरुणं तरी काढून घेते."

"मग तुमच्या यजमानांचे मधले दिवस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"पगार. कापला का मधल्या दिवसांचा?"

"तो कशाला कापतील? हे जायला तयारच होते. तारीख त्यांनी बदलली ना."

तिनं गाठ तशीच टाकली, हात धुतले आणि टांग्यात मालकांपासून अंग चोरून, मागच्या कडेला बसली. फुलबागेच्या अलीकडे मालकांनी मला हाक मारली.

"तुझे आबा काय म्हणाले होते? बिगुलाचं?"

मी मान वळवून सांगितलं. बोलावलं आणि आलो, म्हणजे ड्यूटी झाली.

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कुणाशी तरी सौदा करावा तसं, "पूर्ण नाही देता येणार मला. दारातून परत पाठवलं तर अर्ध्या पाळीचे तास धरीन. आदल्या संध्याकाळी निरोप दिला तर मात्र नाही. चालेल?"

मी थाटीपुरवालीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. "चालेल," मी म्हटलं. "काकूंनाही विचारते."

"विचार. आणि आजची सकाळही त्यात धर."

मला तेव्हाच विचारून टाकायचं होतं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. "मालक, माझं काम राहील ना? त्या दिवशी तुम्ही म्हणालात, जमत नसेल तर..."

"कधी म्हणालो?"

"मी बोलायला आले होते तेव्हा."

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "जमत नसेल तर थोडं थांबा, दिवाळीनंतर बघू, असं काहीतरी म्हणत असेन. तेवढ्यात मशीनचा पट्टा निसटला होता बहुतेक. तुला काढलं तर मथळे कोण वाचेल?"

इतके दिवस मी ज्याच्या धास्तीनं जेवले नव्हते, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. टांगेवाल्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि घोड्याला उगाच चुचकारलं.

काकू सांगितल्याप्रमाणे पीठ संपवून आल्या. त्यांनी अटी ऐकल्या आणि एवढंच विचारलं, "निरोप कोण आणणार?" मालक म्हणाले, मशीनवाला घरी जाताना सांगत जाईल. "मग ठीक," काकू म्हणाल्या आणि पट्टी हातात घेतली. त्या दिवशी दिवे लागेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर आम्ही घड्या घातल्या. दुपारी गठ्ठे ट्रकवर चढले.

घरी सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "अर्धीच का?" पण त्या रात्री त्यांनी स्वतः मला दुसऱ्यांदा भात वाढला.

नंतर एक गोष्ट झाली, जी आमच्यापैकी कुणाच्या मनात आली नव्हती. परत पाठवणंच कमी झालं. स्वतःच्या खिशातून जायला लागल्यावर मालक कचेरीच्या माणसाला सांगू लागले, "मजकूर पक्का करून आणा, तोवर मी बायकांना बोलावत नाही." आणि बिलात फेरबदलाची म्हणून वेगळी ओळ घालू लागले. काही कचेऱ्यांनी ती मान्य केली, काहींनी खोडली, पण मजकूर आधी पक्का करायची सवय मालकांना आणि कचेऱ्यांनाही लागली. मला पुन्हा एक शिकवणी मिळाली. पुढे कचेऱ्याच भोपाळला गेल्या, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका यायला लागल्या. थाटीपुरवालीही शेवटी गेली. मी मॅट्रिक झाले, शाळेत लागले.

दारातून परत आलो आणि अर्धी पाळी धरली गेली, असा पहिला दिवस मात्र त्याच वर्षी दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत उजाडला होता. थंडी पडायला लागली होती. मालकांनी दारात येऊन सांगितलं, "आज नाही, तास लिहिलेत." काकू घरी गेल्या, थाटीपुरवाली सडकेवर वाहन बघायला गेली. झाशीवालीचं मूल त्या दिवशी तिच्या कडेवरच होतं. आम्ही दोघी घरी न जाता फुलबागेकडे गेलो, वाटेत उकडलेले शिंगाडे घेतले, आणि उन्हात गवतावर बसून सोलत राहिलो. ती म्हणाली, "अर्धी पाळी संपेस्तोवर, बारा वाजेपर्यंत बसू?" मी म्हटलं, "बसू की." मूल तिच्या मांडीवर झोपी गेलं. शिंगाड्याच्या सालींनी नखं काळी झाली होती, आणि आम्हांला कुठेही पळायचं नव्हतं.