खदानीतलं तीर्थ

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसाने मात्र जुनीच पाठ फिरवली होती, तेव्हाची ही गोष्ट. उदगीरला माझं भुसाराचं दुकान. सकाळी हातात घेतलेला तराजू रात्रीच खाली ठेवायचा, त्यामुळे कोणतीही गोष्ट तोलून पाहायची मला खोड लागली होती. पूजेच्या बाबतीतही तेच झालं. आम्हा लिंगायतांत लहानपणी दीक्षा होते, गळ्यात इष्टलिंग येतं आणि मरेपर्यंत ते देहापासून वेगळं करायचं नसतं. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी वाहायचं, विभूती लावायची, ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं आणि मगच दिवसाचा पहिला घोट. मी यात कधी खाडा केला नव्हता. पण त्या वर्षी पूजेला बसलो की मन कोरडं राहायचं. पाणी, विभूती, मंत्र, सगळं जागच्या जागी असायचं. देव तेवढा जाणवायचा नाही. घरात कुणाला हे बोलून दाखवण्याची मला लाज वाटत होती.

म्हणून होट्टलच्या महादेवाला सायकलवर जायचं ठरवलं. एसटीत बसून जाण्यापेक्षा अंगाला कष्ट पडले तर मन हलेल, असा माझा साधा विचार होता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आमच्याच गल्लीत सायकली दुरुस्त करायचा. तोही निघाला. पहाटे चेनला तेल सोडता सोडता तो म्हणाला, "दाजी, देवाला एवढ्या लांबून तोंड दाखवायला चाललाव, तर तोंड जरा हसरं ठेवा. न्हाईतर त्यो म्हनल, वसुलीला आलाय का काय."

घरी मन लागत नव्हतं, म्हणून पूजा वाटेतल्या एका विहिरीवर करायची, असं मी योजलं होतं. मुक्रमाबादच्या अलीकडे ती विहीर लागली तेव्हा तिच्या तळाला नुसता गाळ होता. पुढच्या गावात टँकर आला होता आणि बायका भांडी घेऊन उन्हात रांगेला उभ्या होत्या. त्यांच्यात जाऊन अंघोळीला पाणी मागणं माझ्याच्याने झालं नाही, आणि अंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय पाणी नाही. मेहुणा पूजा घरीच उरकून निघाला होता, त्याने बाटली पुढे केली. मी मान हलवली. त्यानेही मग बूच लावून ती परत पिशवीत टाकली.

पुढे काळी जमीन विरळ होत गेली आणि खदानींचा मुलूख सुरू झाला. मागे रस्ते आणि कचेऱ्या उठत होत्या तेव्हा इथून खडीचे ट्रक रात्रंदिवस जात. मग ठेकेदार गेले, यंत्रं गेली. टेकड्या एका बाजूने कापलेल्या भाकरीसारख्या उभ्या होत्या. कापल्या दगडावर पहारीच्या खुणा ओळीने दिसत होत्या. रस्त्यावर अजून पांढरी भुकटी होती, तिच्यात चाकं रुतत, आणि बऱ्याच ठिकाणी आम्ही सायकली हाताने ढकलत नेल्या. झाड नाही, पाखरू नाही. जमिनीतलं सगळं काढून घेऊन माणसं निघून गेल्यावर जे उरतं, तेवढंच तिथे उरलं होतं. मला वाटलं, माझंही आत असंच झालंय.

एका खोल खदानीत पाणी दिसलं. दगड काढणाऱ्यांनी सोडलेल्या पायऱ्यांसारख्या कपारींवरून आम्ही खाली उतरलो. मी लोट्याने अंघोळ केली, ओल्या अंगाने काठावरच्या सपाट दगडावर बसलो आणि लिंग तळहातावर घेतलं. पहाटेपासून घोटभर पाणी पोटात नव्हतं. पाणी वाहताना लिंग ओल्या बोटांवरून घसरलं, दगडावर आपटलं आणि पाण्यात गेलं. आवाज अगदी लहान झाला. तो अजून माझ्या कानात आहे.

मेहुणा कपड्यांसकट आत शिरला. पुन्हा पुन्हा बुडी मारून तो वर आला. "तळच लागंना, दाजी," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी येऊन बसला. ऊन डोक्यावर आलं होतं. थोड्या वेळाने त्याने लोटा भरून माझ्यापुढे ठेवला.

"प्या दाजी. मठात जाऊन गुरुजींना सांगू. ते नवं देतील."

"लिंगाशिवाय पाणी घ्यायचं नसतं," मी म्हणालो.

"उदगीर हितं न्हाई. वाटंतच पडचाल तुमी."

हा हट्ट नव्हता. ज्याने आयुष्यभर एक नेम पाळला, त्याला तो मोडायची वाटच ठाऊक नसते. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले होते, तरी हात लोट्याकडे जाईना. मेहुण्याने लोटा उचलला आणि पाणी परत खदानीत ओतलं. "मग मी बी पीत न्हाई. अक्काला एकट्यानं जाऊन काय सांगू?" इतका वेळ चेष्टा करणारा तो माणूस तोंड फिरवून बसला. माझ्या नेमात आता आणखी एक जीव अडकला होता, आणि मला सोडवता येत नव्हतं.

तेवढ्यात वरून एक म्हातारी घागर आणि दोर घेऊन उतरली. खदान चालू असताना दगड फोडायला आलेल्या माणसांची वस्ती पलीकडे होती. खदान बंद पडली, माणसं तिथेच राहिली. आमचे चेहरे पाहून तिने विचारलं आणि मेहुण्याने झालेलं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने घागर हळूच खाली ठेवली आणि दोर गुंडाळायला लागली.

"मंग आता आमी हितलं पानी न्यायचं का न्हाई, अय्या?"

लिंगायत म्हणून ती मला आदराने 'अय्या' म्हणाली, पण प्रश्न मला समजला नाही. तिने समजावलं, त्यात राग नव्हता. "गावातल्या आडापाशी देव बसवला. मंग आमाला म्हनले, तुमी लांब ऱ्हावा, तुमचा पोहरा नगं. तवापासून आमाला हेच पानी. आता हितं बी देव आला."

ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. माझं लिंग गेलं म्हणून मी बसलो होतो, आणि तिला वाटत होतं की माझा देव येऊन तिचं पाणी घेऊन गेला. तिच्या वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. मी कुणी अधिकारी नव्हतो, पंचही नव्हतो, तरी त्या घटकेला ती माझ्याच शब्दासाठी थांबली होती.

मी म्हणालो, "भरा मावशी. तुमचंच पाणी आहे."

तिने दोर सोडला. घागर बुडाली, भरली, वर आली. ती तिने आपल्या कमरेवर घेतली नाही. माझ्यासमोर आणून कलती केली आणि म्हणाली, "द्येवाच्या अंगावरचं हाय. पयलं तुमी घ्या."

हे ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी सुटलं. मी रोज लिंगावर पळीभर पाणी घालायचो आणि तळहातावरचे चार थेंब तीर्थ म्हणून घ्यायचो. आज देव स्वतःच पाण्यात जाऊन बसला होता. सगळी खदान त्याच्यावरून वाहिलेलं पाणी झाली होती. पूजा मोडली नव्हती, ती चालूच होती, फक्त माझ्या हातातून निघाली होती. मी ओंजळ पुढे केली. कितीतरी दिवसांनी पाण्यात देव जाणवला. मेहुणाही प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "आज्जे, तू जरा अगुदर आली असतीस तर मी एवढ्या बुड्या मारल्या नसत्या." ती हसली.

उन्हं कलल्यावर आम्ही होट्टलला पोहोचलो, दर्शन घेतलं. मंदिराचं कोरीवकाम मेहुण्याच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात ती कललेली घागर आहे. उदगीरला येऊन मी मठात सगळं सांगितलं, रागावणं ऐकायच्या तयारीने. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विधी करून मला नवं लिंग दिलं, आणि खाली वाकलो तेव्हा डोक्यावर हात जरा जास्त वेळ ठेवला. नातलगांनी सुचवलं की मोटार लावून खदान उपसू, जुनं लिंग सापडेल. मी नको म्हणालो.

पुढच्या वर्षीही पाऊस ओढला. उन्हाळ्यात मी एकटाच सायकल काढली. सकाळची पूजा घरी करून निघालो होतो. खदानीतलं पाणी पार खाली गेलं होतं, मी बसलो होतो तो दगड आता उंचावर कोरडा पडला होता. म्हातारी खालच्या कपारीवर दोर सोडत होती. मला ओळखून ती म्हणाली, "तुमचा द्येव आजून दिसला न्हाई, अय्या. म्या रोज बघती."

आयुष्यात मी देवाकडे त्याच्या दर्शनाशिवाय काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी तिथे उभा राहून मी हात जोडले आणि मागितलं, की महादेवा, तू दिसू नकोस. तू दिसलास तर हिचं पाणी संपलेलं असेल.

तिने घागर वर ओढली आणि मी ओंजळ पुढे केली.