गिअरबॉक्स उघडू दिला नाही

मंडळी, राग अजून उतरला नाही, म्हणून घरी आल्या आल्या लिहितेय.

सकाळी गास गावच्या वाडीतून केळी भरून निघाले. शेजारी सासरे. चिखल होता म्हणून लिव्हर ओढून पिकअपची चारही चाकं इंजिनाला जोडली आणि डांबरी रस्त्यावर सोडवायला विसरले. चूक माझीच. सोपाऱ्यात वळताना स्टिअरिंग जड झालं, चाकं उड्या मारू लागली, लिव्हर हलेना. कशीबशी एका गॅरेजसमोर थांबवली.

गॅरेजवाला म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. गाडी ठेवून जा, उघडावा लागेल."

"नाही," मी म्हटलं. "वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरतात, म्हणून चालून जातं. कोरड्या रस्त्यावर घसरत नाहीत. आत पीळ बसलाय."

तो हसला. "मग कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या कशा वळतात?"

"त्यांच्यात मधे आणखी एक डिफरन्शियल असतं. ते पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देतं. आमच्या गाडीत ते नाही."

तो माझ्याकडे पाठ करून सासऱ्यांना म्हणाला, "काका, तुम्हीच समजवा यांना."

मी गाडी सुरू केली आणि सरळ रेषेत पंधराएक फूट मागे घेतली. पीळ उलगडला आणि लिव्हर अलगद सुटला.

"नशीब तुमचं," तो म्हणाला.

नशीब कसलं? गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी दोनदा वाचलंय! बाजारात उतरताना सासरे म्हणाले, "मलापण शिकव."

मैत्रिणींनो, गाडी तुम्ही चालवता आणि लोक बोलतात बाजूच्या पुरुषाशी. तुम्ही काय करता? मी यापुढे ऐकून घेणार नाही.