बाबांच्या शॉटगनला माझा नकार

शेजारच्या घरात भरदुपारी चोरी झाली, लग्नातलं सगळं सोनं गेलं, आणि बाबांनी शॉटगन घ्यायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या रस्त्यावर बाकीच्यांनी अलार्म बसवले. बाबांना अलार्म पुरेना.

"घर राखायला इथे बंदूक देत नाहीत," मी म्हटलं.

"माहितीये. म्हणून अर्जात खेळ लिहिलाय. क्ले शूटिंग, उडत्या तबकड्या फोडायचा."

"आणि ते शिकणार कधी?"

"शिकायचंय काय त्यात? दोन नळ्या, एक चाप. कोर्स करा असं कायद्यात कुठे लिहिलंय, दाखव."

दाखवता येईना, कारण तसं कुठेच लिहिलेलं नाही. मला एवढीशी गाडी चालवायला थिअरी, प्रॅक्टिकल, दोन्ही परीक्षा. आरसा बघितला नाही म्हणून एकदा नापासही केलं. शॉटगनला मात्र एकही सक्तीचा धडा नाही! त्या हिवाळ्यात मी 'प्रशिक्षण सक्तीचं करा' या मागणीची पत्रकं स्टेशनबाहेर वाटत होते. लोक हसून घ्यायचे आणि पुढच्या कचराकुंडीत टाकायचे. टाका. मी पुन्हा छापीन.

"अहो, निदान एक धडा तरी घ्या," आई म्हणाली, तेव्हा कुठे बाबा तयार झाले. रविवारी मीच त्यांना शूटिंग ग्राउंडवर नेलं. केशरी तबकड्या उडत होत्या. बऱ्याच सुटल्या आणि मग एक फुटली. मला इतका आनंद झाला की मी मागून ओरडले, "बाबा, भारी!"

बाबा हसत वळले. बंदूकही वळली.

प्रशिक्षकाने नळी जमिनीकडे दाबली आणि बंदूक उघडली. एकच काडतूस भरा असं बजावूनही बाबांनी दोन भरली होती. दुसरं आतच होतं.

"सवय नाही अजून," गाडीत बाबा पुटपुटले.

"तेच म्हणतेय मी. आणि चोर घरात असताना जिन्यातून आईने हाक मारली तर? ती सवय कोण लावणार?"

"तुझी पत्रकं तुझ्याजवळ ठेव."

अर्ज गेलाच. चौकशीला पोलिसांकडून एक बाई येणार होत्या. बाबांनी आम्हाला पढवलं: "विचारलं तर खेळ म्हणायचं. पाहुण्यांसमोर घरचं काढायचं नाही." पाहुण्या! आईने त्यांच्यासाठी पोहे केले, वर लिंबाची फोडसुद्धा.

बाईंनी बंदूक ठेवायच्या पोलादी कपाटाची जागा पाहिली, बाबांचं खेळाबद्दलचं भाषण ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला यात काही काळजी वाटते?"

आईने माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"वाटते," मी म्हटलं. "त्यांना बंदूक चोरासाठी हवी आहे. आणि ती त्यांना नीट धरताही येत नाही."

"मुलगी जरा चळवळवाली आहे," बाबा हसले. बाई हसल्या नाहीत. खरं काय ते त्यांनी बाबांनाच विचारलं. बाबा आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बायको दिवसभर घरी एकटी असते. मी काय करू?"

अर्ज नामंजूर झाला.

इथल्या मराठी मंडळातले एक काका अजून भेटेल तिथे सुनावतात, "सख्ख्या बापाला पोलिसांसमोर खोटं पाडलंस!" हो, पाडलं. बाबांची भीती खरी होती. ती मी कधीच नाकारली नाही. पण घाबरलेल्या, न शिकलेल्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक म्हणजे आईचं संरक्षण, हे मला कुणी पटवून दाखवावं.

बाबा आता ग्राउंडवर नियमित शिकायला जातात, तिथल्याच बंदुकीवर. मला बरोबर बोलावत नाहीत. परवा जेवताना आईला म्हणाले, "शिकून झालं की पुन्हा अर्ज करणार आहे."

आवाज मला ऐकू जाईल एवढाच होता.

"करा," मी म्हटलं. "शिका, खेळा, बक्षिसं आणा. पण चोरासाठी हवी असेल तर मी पुन्हा तेच सांगणार."