पार्लरात कोंडलेला पालक

“मैं इनको नहीं जानता,” हरनूर म्हणाला.

समोर उभा असलेला माणूस आपण त्याचे वडील आहोत असं सांगत होता. उंच, दणकट, पांढरा कुर्ता-पायजमा आणि वरून राखाडी लोई, म्हणजे जाड लोकरी चादर. थंडीत अर्धं चंदीगड लोई पांघरून फिरायचं, त्यात वावगं काही नव्हतं. पण फाटकापाशी आणखी एक लोईवाला उभा होता आणि त्याच्या लोईखाली काहीतरी लांब, ताठ दिसत होतं. ती छत्री नसावी, एवढं गणिताच्या शिक्षिकेलाही कळत होतं.

पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस होते. माझे यजमान एअर फोर्समध्ये, बदलीवर चंदीगडला आलेले. मी मूळची साताऱ्याची. चंदीगडमधल्या मुलग्यांच्या एका कॅथलिक शाळेत मी ज्युनिअर सेक्शनला गणित शिकवत होते.

त्या दुपारी अचानक बंदची बातमी आली आणि शाळा लवकर सोडायची ठरली. माझी डिस्पर्सल ड्यूटी होती. म्हणजे शाळा सुटताना फाटकात उभं राहायचं आणि प्रत्येक मुलगा योग्य माणसाच्या हाती जातोय ना, ते बघायचं. रोज येणारे रिक्षावाले, आया, आजोबा यांचे चेहरे पाठ असायचे. अनोळखी माणूस आला तर नियम सोपा होता: मुलाला विचारायचं. त्यानं ओळखलं तर सोडायचं, नाही तर नाही. हा नियम मीच स्टाफ मीटिंगमध्ये सुचवला होता. “एवढंसं पोर खोटं बोलत नाही,” असं टेबलावर हात आपटून सांगितलंही होतं.

हरनूर तिसरीत होता. डोक्यावर निळा पटका, बोलणं कमी, गुणाकार बरा. त्याला न्यायला रोज आई यायची. वडिलांना कोणीच पाहिलं नव्हतं. त्यांची शेती आहे, एवढंच स्टाफरूममध्ये ऐकलेलं.

“मैडम, इसकी मम्मी आज आ नहीं सकतीं. मैं लेने आया हूं. ज़रा जल्दी है,” तो माणूस म्हणाला.

“कौन सी क्लास में है?”

“तीसरी.”

“सेक्शन?”

त्यानं फाटकाकडे नजर टाकली.

“क्लास टीचर का नाम?”

“कोई... मैडम हैं.”

सापडला, मी मनात म्हटलं. आमच्या ह्यांना हेच प्रश्न विचारले असते तर त्यांनी आमच्या मुलीला एक इयत्ता खाली बसवलं असतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. सुचायला डोकं ताळ्यावर लागतं.

“हरनूर, चल पुत्तर,” तो पुढे झाला. हरनूर माझ्या मागे सरकला आणि त्यानं माझ्या साडीचा पदर घट्ट धरला. त्या माणसाचा चेहरा एकदम उतरला. मला तो गुन्हेगाराचा चेहरा वाटला.

पळून जावं असं फार वाटलं. पण पदर हरनूरच्या मुठीत होता, त्यामुळे धैर्य दाखवण्यावाचून इलाज नव्हता. मी गोड आवाज काढला. “आइए, पार्लर में बैठिए. चाय पीजिए. मैं प्रिन्सिपलसाहेब को बुलाती हूं.”

मिशनरी शाळांत पाहुण्यांच्या खोलीला पार्लर म्हणतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला “वेट इन द पार्लर” सांगितलं, तेव्हा पाद्रीलोक फारच पुढारलेले दिसतात असं मला वाटलं होतं. तर त्या पार्लरात तो माणूस गेला, खुर्चीवर बसला, आणि मी बाहेर येऊन कडी घातली.

शिपाई किशनचंदला मी खुणेनं बोलावलं. त्यानं काठी उचलली आणि येऊन माझ्या पाठीमागे उभा राहिला. त्याचं रक्षण मी करायचं, असं ठरलेलं दिसत होतं.

आतून दार वाजलं. “मैडम! ये क्या है? खोलिए!”

“दरवाज़ा नहीं खुलेगा!” माझा आवाज चिरकला. “हम पुलिस को बुला रहे हैं!”

आतून आवाज आला, “ज़रूर बुलाइए. उनसे कहिए जल्दी आएं.”

काय निर्ढावलेला माणूस, मी किशनचंदला म्हटलं. मराठीत म्हटलं, तरी त्यानं मान डोलावली.

तेवढ्यात आमचे प्रिन्सिपल फादर लोबो लगबगीनं आले. मी त्यांना सगळं सांगितलं. थोडं सजवूनच सांगितलं. मनात शाबासकीचे शब्दही जुळवून ठेवले होते. फादरांनी काचेतून आत पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मिसेस शिर्के,” ते हळूच म्हणाले, “यू हॅव अरेस्टेड अ पोलिस ऑफिसर.”

मग दोन वाक्यांत त्यांनी सांगितलं ते असं. हरनूरचे वडील पोलिसात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना धमक्या होत्या, म्हणून शाळेत त्यांचा हुद्दा फक्त फादरांना ठाऊक होता. आपल्या घरावर कुणी पाळत ठेवून आहे, असं त्यांना सकाळीच कळलं होतं. हरनूरच्या आईला आधीच हलवलं होतं. आता मुलाला, रस्ते बंद व्हायच्या आत, पहाडातल्या त्याच्या आजोळी पोचवायचं होतं. फाटकातला लोईवाला त्यांचा अंगरक्षक. आणि मी त्यांना चहाचं आमिष दाखवून कोंडलं होतं.

किशनचंदनं कडी काढली. आता नोकरी गेली, ह्यांच्या कमांडिंग ऑफिसरपर्यंत तक्रार जाणार, असे सगळे हिशेब मी उभ्या उभ्या केले. पण त्या माणसानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ आला आणि हरनूरपुढे फरशीवर गुडघे टेकून बसला.

“पुत्तर, चलें?”

“मैं आपको नहीं जानता,” हरनूर म्हणाला. पण पदराआडून तो अर्धा पुढे आला.

“शाबाश. बहुत अच्छे से याद रखा.” वडिलांनी त्याचा पटका नीट केला. “पर आज बता सकते हो.”

हरनूरनं माझ्याकडे पाहिलं, फादरांकडे पाहिलं. “मैडम के सामने भी?”

“मैडम के सामने भी.”

त्यानं माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानात सांगितलं, “ये मेरे पापा हैं. आप किसी को मत बताना.”

मग त्यानं वडिलांच्या गळ्याला मिठी मारली आणि तोंड लोईत खुपसलं. फादर लोबो भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे फार लक्षपूर्वक बघू लागले. मी चष्मा पुसला. किशनचंदकडे चष्मा नव्हता, त्यानं नाक पुसलं.

“इसकी मम्मी ने सिखाया है,” ते उठत म्हणाले. “मैं रास्ते में दिख जाऊं, तब भी पापा नहीं कहना. मुझे पता था. सुना आज पहली बार.”

मी घाईघाईत माफी मागितली, तीही मराठीत. त्यांना भावार्थ कळला असावा. दाराशी ते थांबले.

“मैडम, आपने चाय का कहा था. आई नहीं.”

आणि गेले. दोघे, मागून तो लोईवाला. गाडी धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते. दुसऱ्या दिवशी फादरांना फोन आला, सगळे सुखरूप पोचले होते. तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

हरनूर त्या वर्षी परत आला नाही. पुढे परिस्थिती निवळल्यावर आला आणि याच शाळेतून मॅट्रिक झाला. आमची बदली तोवर पुण्याला झाली होती. अनेक वर्षांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला मला बोलावलं, तेव्हा तो भेटला. वडिलांसारखाच उंच. वडील निवृत्त होऊन खरंच शेती करतात म्हणाला. मी मोठ्या उत्साहानं त्याला तो सगळा प्रसंग आठवतो का विचारलं. पदर, पार्लर, कानातलं वाक्य. तो अवघडून हसला. त्याला काहीच आठवत नव्हतं.

“मुझे बस इतना याद है मैम,” तो म्हणाला, “कि आपने मुझे एक बार ज़ीरो भूलने पर क्लास के बाहर खड़ा किया था.”

तर असा माझा पराक्रम. त्या घटनेनंतर फादर लोबोंनी स्टाफसमोर माझ्या सावधपणाचं तोंडभर कौतुक केलं आणि डिस्पर्सल ड्यूटी कायमची मला दिली. उन्हाळा असो, धुकं असो, मी फाटकात. शाळेच्या नोकरीतला धडा एवढाच: एखादं काम चुकून जरी चांगलं झालं, तरी ते पुन्हा पुन्हा आपल्याच गळ्यात पडतं.