धोका समजावून सांगितला आहे

लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "मॅडम, तुमचं काम नेमकं काय असतं?" की आमचे अहो मला कोपरानं ढोसतात. कारण मी सुरू झाले की पंगत उठते, वऱ्हाड निघतं, तरी माझं संपत नाही. माझा काय दोष? मी बाळांची डॉक्टर. लातूरच्या आमच्या दवाखान्यात सहाव्या महिन्यातच जन्मलेली, तळहाताएवढी बाळं येतात. अशा बाळाला नळी घालून, मशीन लावून जगवायची धडपड करायची, की शांतपणे जाऊ द्यायचं, हे घरच्यांना धोका समजावून सांगून, त्यांच्या विचारानं ठरवायचं असतं. हा नियम ज्यानं केला, त्यानं आमच्याकडचे घरचे पाहिले नसावेत.

*

आमचे बिराजदार सर मोठ्या शहरातून शिकून आले ते एक रंगीत तक्ता घेऊनच. कितव्या आठवड्याचं बाळ, जगायची शक्यता किती टक्के. पहिली पाळी आली अहमदपूरच्या एका शाळामास्तरांवर, त्यांच्याच बाळासाठी. आता लातुरात टक्के म्हणजे काय, हे सरांना कोण सांगणार? इथं पोराचं नाव नंतर विचारतात, टक्के आधी.

सरांनी मेंदूतला रक्तस्राव, डोळे, फुप्फुसं, सगळं समजावलं. मास्तरांनी मन लावून ऐकलं आणि एकच शंका काढली. "सर, पस्तीसच्या वर हाय ना?"

थोडं वर आहे, पण... असं सर म्हणेपर्यंत मास्तर बाहेर जाऊन भावकीला सांगून मोकळे झाले होते, "पास हाय!" धाकटा भाऊ पेढे आणायला पळाला. सरांनी दुसऱ्याच दिवशी तक्ता भिंतीवरून उतरवला.

*

मग टक्के बंद. आता "अशा दहा बाळांतली इतकी जगतात" असं सांगायचं ठरलं. जळकोटचं एक कुटुंब होतं. सकाळी सरांनी त्यांना दहातली किती जगतात ते सांगितलं. दुपारी माझी ड्यूटी. मी दहातली किती जातात ते सांगितलं. हिशेब एकच, फक्त मी दुसऱ्या टोकाकडून मोजला.

बाळाचे चुलत आजोबा सकाळी म्हणाले होते, काय करायचं ते सगळं करा. दुपारी म्हणाले, राहू द्या, लेकराचे हाल नकोत. संध्याकाळी आम्हा दोघांना समोर उभं करून त्यांनी विचारलं, "तुमच्या दोघांत खरं कोण बोलायलंय?"

दोघंही, असं आम्ही म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग आधी तुम्ही दोघं एका खोलीत बसा. तुमचं ठरलं की आम्हाला बोलवा." त्या दिवसभरात दवाखान्यात कुणी दिलेला तेवढाच काय तो शहाणपणाचा सल्ला.

*

तेव्हापासून दोन्ही बाजू एका दमात सांगायच्या. निलंग्याच्या एका आत्याबाईंनी सरांचं ते सगळं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. भावजय आत कळा देत होती. ग्रुपवर हैदराबादच्या काकांचा अंगठा आला. जगवा म्हणून अंगठा की जाऊ द्या म्हणून, ते कुणालाच कळेना. एका मामांनी गुलाबाचं फूल पाठवलं.

सर दर थोड्या वेळानं बाहेर येऊन विचारायचे, काय ठरलं? आत्याबाई म्हणायच्या, "ग्रुपवर चालू हाय, सर." तेवढ्यात बाळ जन्मलं आणि बारीकसं कण्हलं. आम्ही नळी घातली. बाळ काही त्या ग्रुपमध्ये नव्हतं.

*

सरांच्या सगळ्या धोक्यांच्या यादीत चांगली बातमी एकच असायची. इतक्या लवकर आलेल्या बाळांत मुली जरा जास्त तग धरतात. नुकत्याच जन्मलेल्या एका बाळाच्या आजोबांना सरांनी ती मोठ्या उत्साहानं सांगितली. आजोबा म्हणाले, "म्हंजे मुलगी हाय."

त्यानंतर त्यांनी एकही धोका विचारला नाही. धडपड थांबवा म्हणाले. लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही सगळं हसण्यावारी नेता. हे नाही नेत. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

*

आणि नांदेडहून ॲम्ब्युलन्सनं आलेली सविता. बाळंतपण आमच्याकडं आल्या आल्या झालं. बाळाला नळी घातली होती, पण पुढं चालू ठेवायचं का, ते ठरायचं होतं. सरांनी नवरा, सासरे, दीर आणि मामा अशा चौघांना दोन्ही बाजू एका दमात सांगितल्या. दीर म्हणाला, मोठ्या शहरात नेऊ. मामा म्हणाले, कुठंच नको. सासरे म्हणाले, देवाच्या मनात असंल तसं. नवरा नुसताच रडत होता. सविताला विचारा असं मी म्हणाले, तर सासूबाई आडव्या आल्या. "तिला काही सांगू नगा. ओली बाळंतीण हाय, धसका घेईल."

दुपार सरली तरी चौघांचं एकमत होईना. शेवटी सर उठले, सविताच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागले. जगायची आशा किती, धोका किती, जगलं तरी पुढं काय काय होऊ शकतं. सरांचं संपल्यावर तिनं पदराखालून स्टीलची एक छोटी वाटी काढली. तळाशी तिच्या पहिल्या दुधाचे, पिवळसर चिकाचे चार थेंब होते.

"सर, हे कवाचं काढून ठेवलंय," ती म्हणाली. "कुणाकडं देऊ?"