लेन्स जुनी, शटर नंतरचं

धारवाडातल्या सप्तापूरच्या अक्कांना मी त्यांच्या कॅमेऱ्याचा काळ चुकीचा सांगितला होता. हे लक्षात आलं तेव्हा मी हुबळीत घरी जेवत होतो.

निवृत्तीनंतर मला घडीचे जुने कॅमेरे ओळखायचा नाद लागला. फळी उघडून भाता पुढे ओढायचा, मागून काचेची प्लेट सरकवायची, असे ते कॅमेरे. लोक घरातले दाखवतात, मी अंदाजे साल सांगतो.

अक्का पंच्याऐंशीच्या, एके काळच्या शाळामास्तरीण. त्यांच्या आजीचा एकच फोटो घरात होता. तो त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, याच कॅमेऱ्यानं काढला, असं अक्कांचं म्हणणं. धाकटा भाऊ म्हणायचा, कॅमेरा आजी गेल्यानंतर घेतलेला. यावरून दोघांत वर्षभर अबोला. आजी गेली एकोणीसशे सव्वीस साली. मी लेन्सवरचा नंबर कंपनीच्या यादीशी ताडून बघितला, तर तो बावीस-तेवीसचा निघाला.

"तुमचंच बरोबर, अक्का," मी म्हणालो. त्यांनी लगेच भावाला फोन करून ते ऐकवलं. त्यानं फोन ठेवून दिला.

आणि आता जेवता जेवता मी मोबाइलवर त्या कॅमेऱ्याचे फोटो मोठे करून बघत होतो. शटरचा वेग लावायची वरची छोटी तबकडी कुठंच नव्हती. त्याऐवजी लेन्सभोवती फिरवायचं कडं होतं. ही रचना आजी गेल्यानंतरची. म्हणजे कॅमेरा नंतरचाच, कुणीतरी त्याच्या शटरवर जुनी लेन्स बसवलेली. मी नुसता नंबर बघून मोकळा झालो होतो.

दोन दिवस घरात येरझारा घातल्या. शेवटी बायको म्हणाली, "जाऊन सांगून या की. इथं फिरून काय होणार?"

धारवाडच्या बसमध्ये बसलो, तरी मधेच उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं.

अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "या वेळी नक्की ना, सर?"

"नक्की."

"मग आजीचा फोटो काढला कुणी?"

"ते मला नाही सांगता येणार."

त्यांनी फोटोवरची धूळ पदरानं पुसली. मग त्यांनी भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता. "तू म्हणत होतास तेच खरं. सरांचं चुकलं होतं, माझंही."

असू दे, म्हणत तो पलीकडून कानडीत बोलला, "इरली बिडु, अक्का. ऊटा आतेन?"

"झालं जेवण. तू कधी येतोस?"

मी निरोप घेतला. हलकं वाटायला हवं होतं, पण परतीच्या बसमध्ये कमरीपेठेतला एक शिंपी आठवला. त्याच्या कॅमेऱ्याचं सालही मी नुसत्या नंबरावरून सांगितलं होतं आणि त्यानं ते चिठ्ठीवर लिहून भात्याखाली चिकटवलं होतं. हुबळीत उतरून घरी न जाता तिकडंच वळलो. दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, तासाभरानं येईल. मी पायरीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो.