रिकाम्या टाकीतला चिमूटभर दाणा

माझ्या धाकट्या भावाने, बाबलने, मला फसवलं. "पहिला मासा घेऊन मीच येतो" म्हणून त्याने माझ्याकडून खाऱ्या पाण्याची टाकी तयार करवून घेतली, आणि आता ती तयार झाल्यावर म्हणतो, पार्सलने पाठवतो.

लग्न होऊन वेंगुर्ल्याहून विदर्भातल्या पुलगावला निघाले, तेव्हा कुडाळ स्टेशनवर आबांनी, म्हणजे वडिलांनी, सुक्या बांगड्यांची पिशवी माझ्या पायाशी सरकवली. "रडा नको गो. गणपतीआधी मी येतलंय तुका न्हेवक." आबांनी शब्द पाळला. दर वर्षी पुलगावच्या फलाटावर नारळांचं पोतं आधी उतरायचं, मग आबा. आमच्यात माहेरचं माणूस न्यायला आलं तर जाणारी लेक असते. आपणच तिकीट काढून गेली, तर ती पाहुणी.

शेवटच्या आजारपणात आबा बाबलला म्हणाले, "आता तू जा, तिका घेऊन ये." त्याने मान हलवली. मी समोर होते. त्यानंतर तो एकदाही आला नाही. कधी होडीचं काम, कधी पाऊस. आणि फोनवर वर तोंड करून, "ताये, रस्तो तुका म्हायत आसा. ये मगे."

रस्ता मला माहीत आहेच. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा याच रस्त्याने कोकम आणि काजू मागवून मी दारोदार विकले, मग दुकान टाकलं. भाव करताना माझ्यापुढे पट्टीचे व्यापारी घाम पुसतात. 'माका'चं 'मले' कधी झालं, कळलंही नाही. बाबल त्यावर हसला तेव्हा मी फोन आपटला होता.

नवरा गेल्यावर घर फार शांत झालं. नागपूरला एका दुकानात समुद्री माशांची टाकी बघितली आणि पाय हलेना. काच, पंप, दिवा, सगळ्यावर इतकी घासाघीस केली की दुकानदाराने हात जोडले, "अवं माय, दगड फुकट घेऊन जा, पन आता बस करा." हे कळल्यावर बाबल म्हणाला, तिकडे खाडीकाठी ओळखीचा एक जण टाक्यांत नारिंगी पट्ट्यांचे मासे वाढवतो, टाकी लाव, पहिला मासा मी आणतो. मी लगेच सौदा केला: मासा सोडायचा आणि परत जाताना मला घेऊन जायचं. तो "होय" म्हणाला.

विकतचं मीठ गाळलेल्या पाण्यात कालवलं. त्याला समुद्राचा वास येत नाही. इकडच्या उन्हात पाणी भराभर उडायचं आणि मी खारं पाणीच वर ओतत राहिले. समुद्रकाठी वाढलेली मी, पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. खारटपणा इतका चढला की अर्धं पाणी काढून टाकावं लागलं. आता फक्त गोडं पाणी घालते.

टाकीतले जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण माशाच्या घाणीचं विष तेच पचवतात. ते तयार झालेत, चाचणीत विष शून्य येतं. मासा येईपर्यंत त्यांना जगवायला रोज माशांचा चिमूटभर दाणा टाकून कुजू द्यावा लागतो. नाहीतर ते उपाशी मरतात, आणि आलेला पहिला मासा स्वतःच्याच घाणीत मरतो.

शेजारच्या शांताबाई दारात उभ्या राहून हसतात. "काऊन वो बाई, मासा नाई अन् दाना कोनाले टाकून राह्यल्या?"

"पाहुण्याले," मी म्हणते.

"मंग पाहुना दाना खाते का?"

त्या गेल्या की पंपाचा आवाज तेवढा उरतो. मी खुर्ची ओढून रिकाम्या पाण्यासमोर बसते आणि दुकानात काय काय झालं ते त्याला सांगते.

परवा बाबलचा फोन आला. "थर्मोकोलच्या खोक्यातून धाडतंय, सुखरूप पोचतलो." मी म्हटलं, खोकं दारात आलं तर उघडणार नाही.

वेंगुर्ल्यातलं घर आता त्याचं आहे, त्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. माझ्यासाठी घर म्हणजे पुलगावच्या फलाटावर माझं नाव घेऊन उतरणारं माणूस. मासा मी नागपूरहून आजही आणू शकते, तोही निम्म्या भावात. पण टाकी तशीच ठेवणार, दाणा टाकत राहणार.

बाबल, हे वाचशील तेव्हा फोन करू नकोस. आबांसमोर मान हलवलीस ती कशासाठी, हे इथे येऊन, माझ्यासमोर उभा राहून सांग.